स्पेन देशांतील लोकनृत्य आणि आपलीं मुलें

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या पालक व युवक यांच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं आपण मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केलीत, याबद्दल मी आपला ऋणी आहें. अशा वेळीं मागील पिढ्यांचे उपकार आठवावे, हा रिवाज योग्यच आहे. परंतु पूर्वजांनीं आपल्या हातीं दिलेल्या ठेवींपैकीं जी ठेव दगडाविटांची नाहीं, जी कोणत्याही दफ्तरांत नोंदलेली नाहीं, तिचें आपण काय केलें, हाही प्रश्न अशा वेळींच विचारावयाचा असतो. तो प्रश्न मी आज एका दूरच्या देशाच्या वाटेनें आपल्यापुढें आणणार आहें. स्पेन देशांतील मुलें आपलें लोकनृत्य कशीं शिकतात आणि त्यावरून आपण काय घ्यावें, हा माझा विषय.

कोणी म्हणेल, वसईच्या वाडींत राहणाऱ्या माणसाला स्पेनशीं काय कर्तव्य? तर इतिहासाकडे थोडें पाहूं. १५३४ सालीं गुजरातच्या सुलतान बहादूरशहानें तहान्वयें वसई पोर्तुगीजांस दिली, हें आपण सर्व जाणतां. पण १५८० पासून १६४० पर्यंत पोर्तुगालचें सिंहासन स्पेनच्याच राजांकडे होतें. म्हणजे साठ वर्षें आपल्या किल्ल्यावरील सत्ता अखेर माद्रिदच्या राजाची होती. आपले संत गोन्सालो गार्सिया याच वसईंत जन्मले. पुढें मनिला येथें ते फ्रान्सिस्कन संघांत दाखल झाले आणि स्पॅनिश धर्मगुरु पेद्रो बाउतिस्ता यांचे दुभाषी म्हणून जपानांत गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें दोघांनींही एकाच टेकडीवर क्रूसावर प्राण ठेविले. संत फ्रान्सिस झेविअर हे नवारा प्रांताचे. पहिल्या महायुद्धांत मुंबईचे जर्मन जेज्वीट धर्मगुरु येथून गेल्यावर त्यांची जागा स्पेनच्या आरागॉन प्रांतिक संघानें भरून काढली. आणि त्याच ओघांत १९२२ सालीं बार्सिलोना शहरीं जन्मलेले फादर हेरास मुंबईच्या सेंट झेविअर्स महाविद्यालयांत आले व त्यांनीं आपल्या देशाच्या इतिहासाच्या अभ्यासाला आयुष्य वाहिलें. एका स्पॅनिश धर्मगुरूनें आपला इतिहास शिकावा, तर त्यांच्या देशांतील एक चांगली चाल आपण शिकण्यास हरकत ती कसली?

आतां नृत्याकडे येऊं. आपल्याकडे 'स्पॅनिश नृत्य' म्हटलें, कीं तांबडा झालरीचा घागरा, हातांत पंखा आणि केंसांत फूल, एवढें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. शाळांच्या स्नेहसंमेलनांतही पुष्कळदां तेंच दिसतें. हें चित्र मुख्यतः अंदालुसिया या दक्षिणेकडील एका प्रांताचें आहे. वास्तविक स्पेनमध्यें जितके प्रांत, तितके नाच. सेव्हिलच्या बाजूस 'सेव्हियानास', आरागॉनमध्यें 'होता', कॅटलोनियांत 'सार्दाना', आणि बास्क प्रांतांत मान्यवरांच्या सन्मानार्थ करावयाचा 'आउरेस्कु'. प्रत्येकाचा पोशाख वेगळा, वाद्यें वेगळीं, आणि त्याहीपेक्षां महत्त्वाचें म्हणजे प्रत्येकाची शिस्त वेगळी. यांपैकीं दोन नृत्यें आणि एक धार्मिक परंपरा मी आपल्यापुढें मांडतों.

पहिलें नृत्य आरागॉनचें. त्याचें नांव 'होता'. आपल्या भाषेंत 'होता' हें संपलेल्या गोष्टीचें क्रियापद आहे; तिकडे मात्र 'होता' अजून आहे! हें जोडीनें करावयाचें नृत्य. ताल तीन मात्रांचा आणि चपळ. नाचणारे समोरासमोर उभे राहतात, दोन्ही हात खांद्यांच्या वर उचललेले असतात, पायांत कापडी चपला, आणि पावलांत उड्याच उड्या. गिटार, लाऊद व बांदुर्रिया हीं तंतुवाद्यें साथीला असतात. गाणारा आठ आठ अक्षरांच्या चार ओळींचें कवन घेतो आणि ओळींची पुनरुक्ति करीत तें सात ओळींएवढें लांबवितो. विषय शेताचा असतो, प्रेमाचा असतो, थट्टेचा असतो, आणि पवित्र मरियेचाही असतो. कारण सारागोसा शहरांतील पिलारची माता ही त्या प्रांताची आई. १२ ऑक्टोबरला तिचा सण असतो. १९५८ पासून त्या दिवशीं लोक आपापल्या गांवचा जुना पोशाख घालून तिच्या चरणीं फुलें वाहण्यास रांगेनें येतात. आणि त्या सणाच्या दिवसांत चौकाचौकांत 'होता' रंगतो.

हें नृत्य मुलांस कसें शिकवितात, तें पाहण्यासारखें आहे. प्रथम केवळ पावलें. संगीत नाहीं, हातांत कांहीं नाहीं. घोटा आणि गुडघा यांस उडीची व हलकेंच खालीं येण्याची संवय लागली, म्हणजे मग हात. हात स्थिरावले, म्हणजे मग कास्तान्युएला. हें वाद्य आपल्या चिपळ्यांचें भावंड समजा. शिंपल्याच्या आकाराच्या लांकडी वाट्यांची एक एक जोडी दोरीनें प्रत्येक हाताच्या बोटांत अडकविलेली असते. दोन्ही हातांचा सूर सारखा नसतो. उजव्या हातांतील जोडीचा सूर किंचित् चढा, तिला 'मादी' म्हणतात. डाव्या हातांतील जोडीचा सूर खालचा, तो 'नर'. आपल्या तबल्याचा दायां व डग्गा आठवावा. पाय एक बोल बोलत असतांना बोटांनीं दुसराच बोल काढावयाचा, आणि चेहऱ्यावर कष्टाची खूण दिसूं द्यावयाची नाहीं, ही विद्या आठवड्या-दोन आठवड्यांत येत नाहीं. पाहून उचललेली ऐट आणि गुरूपुढें घाम गाळून मिळविलेली विद्या यांतील अंतर येथें कळतें.

दुसरें नृत्य सार्दाना. फादर हेरास यांच्या जन्मगांवीं, बार्सिलोनाच्या कॅथेड्रलसमोरील पटांगणांत, लोक तें अजूनही करतात. त्यांत उडी थोडी आणि मोजणी फार. स्त्रीपुरुष एकमेकांचे हात धरून मोठें वर्तुळ करतात. अंगावरचे कोट आणि पिशव्या वर्तुळाच्या मध्यभागीं ठेवलेल्या असतात. पावलें दोन प्रकारचीं: आंखूड व लांब. आंखूड पावलांच्या वेळीं हात खालीं, लांब पावलांच्या वेळीं हात खांद्यांएवढे वर. साथीला 'कोब्ला' नांवाचा वाद्यवृंद असतो. त्यांत वाजविणारे अकरा, पण वाद्यें बारा. कारण एकच मनुष्य डाव्या हातानें लहानशी बांसरी वाजवितो आणि उजव्या हातानें त्याच हाताला बांधलेला चिमुकला ढोल. एकोणिसाव्या शतकांत पेप व्हेंतुरा (१८१७ ते १८७५) या संगीतकारानें या नृत्याला व वाद्यवृंदाला आजचें रूप आणलें.

खरी मौज पुढें आहे. प्रत्येक सार्दानाच्या मात्रांची संख्या वेगळी असते. म्हणून वर्तुळांतील कोणीतरी एकानें मनांतल्या मनांत सतत मोजावें लागतें, आणि शेवटच्या सुरावर सर्वांचीं पावलें एकदम थांबावीं यासाठीं इतरांस इशारा द्यावा लागतो. नवशिक्या मुलांस प्रथम ही मोजणीच शिकवितात. दुसरा नियम असा, कीं चालू वर्तुळांत कोणीही येऊन सामील व्हावें. लहान, थोर, ओळखीचा, अनोळखी. एवढीच मर्यादा, कीं जोडीनें उभ्या असलेल्या स्त्रीपुरुषांच्या मध्यें शिरूं नये. नवा माणूस आला, कीं वर्तुळ न थांबतां मोठें होतें. बंधुभगिनींनो, धर्मग्राम म्हणजे काय, याची याहून सोपी व्याख्या मला सांपडलेली नाहीं.

अशा वर्तुळासाठीं समुद्रापलीकडेच जावें लागतें, असेंही नाहीं. आपल्याच पालघर जिल्ह्यांतील वारली बांधव भोपळा, बांबू व ताडाचें पान यांपासून केलेला तारपा वाजवितात. वाजविणारा मध्यें, आणि एकमेकांच्या कमरेला हात घालून स्त्रीपुरुष त्याच्याभोंवतीं फिरतात. तो वळेल तिकडे सारी साखळी वळते. बार्सिलोनाच्या चौकांत आणि जव्हार-डहाणूच्या अंगणांत एकच गोष्ट दिसते: प्रेक्षक निराळे आणि नाचणारे निराळे, असा भेदच नाहीं. आपण मात्र हा भेद फार लवकर शिकलों.

आतां एक शंका. धर्मपरायण माणसाच्या मनांत ती येणारच. 'नाच आणि देऊळ यांचा मेळ कसा बसावा?' या शंकेचें उत्तर मला सेव्हिलच्या कॅथेड्रलमध्यें मिळतें. तेथें 'सेइसेस' नांवाची मुलांची एक मंडळी आहे. 'सेइस' म्हणजे सहा. पूर्वीं मुलें सहा होतीं, आतां दहा असतात. ख्रिस्तशरीराच्या सणांत व अमलोद्भव मातेच्या सणांत हीं मुलें जुन्या काळच्या दरबारी पोशाखांत, डोक्यावर पिसांची टोपी घालून, हातांत कास्तान्युएला घेऊन प्रत्यक्ष पवित्र साक्रामेंतासमोर गातात आणि नाचतात. ख्रिस्तशरीराच्या सणाला पोशाख तांबडा, मातेच्या सणाला निळा. उड्या नाहींत, गिरक्या नाहींत. मंद पावलांनीं रांगा एकमेकींत मिसळतात आणि पुन्हां वेगळ्या होतात. ही प्रथा कित्येक शतकांची आहे.

सतराव्या शतकाच्या अखेरीस तेथील एका आर्चबिशपांनीं ती बंद पाडण्याचा प्रयत्न केला. यावर एक गोड दंतकथा प्रचलित आहे. म्हणे हा वाद रोमपर्यंत गेला, आणि पोपमहाराजांनीं निकाल दिला, कीं मुलांचे सध्यांचे पोशाख फाटेपर्यंत नाच चालूं द्यावा. सेव्हिलचे लोक धूर्त! त्यांनीं पोशाख कधीं नवे केलेच नाहींत. फाटेल तेवढें ठिगळ लावीत राहिले. आज बाही, उद्यां गळपट्टी. त्यामुळें पोशाख कधीं 'फाटला' असें झालेंच नाहीं. कथा खरी असो वा नसो, तिच्यांतील बोध खरा आहे. परंपरा एकदम नवी शिवून मिळत नसते. ती ठिगळ लावून लावून टिकवावी लागते. आणि कराराच्या कोशापुढें सर्व बळ एकवटून नाचणारा दावीद राजा पवित्र शास्त्रांतच आहे. त्याला खिडकींतून तुच्छतेनें पाहणाऱ्या मीखलची बाजू शास्त्रानें घेतलेली नाहीं.

परंतु मी स्पेनची केवळ स्तुति करण्यास उभा राहिलों नाहीं. त्या देशानें या बाबतींत एक धोक्याचा धडाही दिला आहे. यादवी युद्ध १९३९ सालीं संपल्यावर जनरल फ्रांको यांच्या राजवटींत सरकारी महिला संघटनेनें गांवोगांवचीं नृत्यें जमविण्याचें काम हातीं घेतलें. शिक्षिका खेड्यांत जाऊन म्हाताऱ्या बायकांकडून गाणीं व पावलें शिकल्या. पुष्कळ कांहीं विस्मृतींतून वांचलें, हें मान्य केलें पाहिजे. पण त्याच नृत्यांच्या स्पर्धा झाल्या, पथकें झालीं, परदेशांत राजवटीची शोभा वाढविण्यासाठीं त्यांचे दौरे झाले. रंगमंचाला शोभावें म्हणून अंगणांतील नाच नीटनेटका, एकसारखा केला गेला. १९७७ मध्यें ती संघटना विसर्जित झाली, आणि गांवोगांवच्या मंडळ्यांपुढें प्रश्न राहिला, कीं यांतील आपलें मूळचें किती आणि मंचासाठीं बेतलेलें किती. धडा असा: जें नृत्य केवळ पाहुण्यांस दाखविण्यासाठीं शिकलें जातें, तें पाहुणे गेल्यावर कपाटांत जातें.

आतां आपल्या घराकडे वळूं. उत्तर वसईंतील सामवेदी, तसेंच वाडवळी व ईस्ट इंडियन घराण्यांतील लग्नगीतें, मांडवांतील फेर, घुमटाची साथ, मुलाला निजवितांना म्हटलेल्या ओव्या, ही आपली ठेव. ती कोणी पुस्तकांतून शिकलें नाहीं. सून सासूकडून शिकली, नात आजीकडून. या ठेवीवर पूर्वीं संकटें आलीं नाहींत, असें नव्हे. गोव्याच्या इन्क्विझिशननें १७३६ सालीं काढलेल्या फर्मानांत ख्रिस्ती लोकांच्या लग्नांतील अनेक देशी रीतींस बंदी केली होती. तरी त्याच गोव्यांत पुढल्या शतकांत 'मांडो' फुलला: शब्द कोंकणी, साज युरोपीय आणि हुंदका आपल्या मातींतला. आणि ज्या घुमटाच्या साथीनें तो गाइला जातो, त्या घुमटाला २०१९ सालीं गोवा सरकारनें राज्याच्या वारसा वाद्याचा मान दिला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें (१९६२ ते १९६५) तर प्रत्येक लोकसमूहाची कला उपासनेंत आदरानें घेण्याचा मार्गच मोकळा केला.

तेव्हां आज बंदी कोणाचीच नाहीं. धर्मगुरूंची नाहीं, सरकारची नाहीं. मग गाणीं कां कमी होत आहेत? कारण शिकणाऱ्यानें बसावयाचें ठिकाण नाहींसें झालें. मांडव सभागृहांत गेला, सभागृहांत ध्वनिक्षेपक आला, आणि ध्वनिक्षेपकापुढें आजीचा आवाज कोणास ऐकूं येणार? विचारलें, तर उत्तर मिळतें: 'आमच्या आजीच्या वेळीं तसें गाणें होतें, तसा फेर होता.' आरागॉनच्या मुलाच्या तोंडीं 'होता' हें नृत्याचें नांव आहे. आपल्या तोंडीं तें मृत्यूची नोंद होऊं पाहत आहे. एक म्हातारी निवर्तली, म्हणजे तिच्याबरोबर किती कडवीं थडग्यांत जातात, याची नोंद आपण ठेवीत नाहीं.

यावर माझ्या सूचना साध्या आहेत. पहिली: महोत्सवाच्या या वर्षांत प्रत्येक वाडींतील मुलामुलींनीं आपल्याच घरच्या किंवा शेजारच्या एका वृद्धेकडून एक गाणें पूर्ण शिकावें. लिहून घ्यावें, ध्वनिमुद्रण करावें, पण तेवढ्यावर थांबूं नये; मुखोद्गत करावें, आणि त्या गाण्याला फेर असेल, तर तिच्याच देखरेखीखालीं पाय टाकावे. दुसरी: शाळेनें किंवा धर्मशिक्षणाच्या वर्गानें आठवड्यांतून एक तास यासाठीं द्यावा. हें अशक्य नाहीं. महाराष्ट्रांतील किती शाळांनीं पिढ्यान् पिढ्या मुलांच्या हातीं लेझीम दिली! कवायतीच्या तासानें लेझीम जगविली, तर आपल्या गाण्यांस एक तास कां मिळूं नये? तिसरी: हें काम पहिल्या वर्षीं रंगमंचावर आणूं नये. बक्षिसें नकोत, परीक्षक नकोत. आधीं लग्नांत, सणांत, अंगणांत तें गाणें पुन्हां कामाला लागूं द्यावें. मंच मागाहून आपोआप येईल.

कोणी पालक म्हणतील, 'दहावीचें वर्ष, शिकवण्या, आणि त्यांत हें कोठून?' त्यांस माझें सांगणें एवढेंच, कीं आठवड्याचे तास पुष्कळ असतात. त्यांतील एक आजीजवळ गेला, म्हणून गुण कमी होत नाहींत. उलट मोजणें, ऐकणें, दुसऱ्याच्या पावलाशीं आपलें पाऊल जुळविणें, चुकलें तर न रागावतां पुन्हां पहिल्यापासून सुरू करणें, हें शिक्षण कोणत्या शिकवणींत मिळतें? आणि ज्या तरुणतरुणींस स्पॅनिश नृत्यच शिकण्याची हौस असेल, त्यांस माझा आशीर्वाद. मात्र तें खरोखर शिकावें. कोणत्या प्रांताचें तें जाणावें, त्याची मात्रा मोजावी, तें कोणत्या सणाचें आहे तें विचारावें. ज्याला आपल्या आजीचें गाणें येतें, तो दुसऱ्याच्या आजीच्या गाण्याचा मान राखतो. ज्याला आपलें येत नाहीं, त्याला दुसऱ्याचा केवळ पोशाख उचलतां येतो.

शेवटीं धर्मगुरुवर्यांस एक नम्र विनंति. पुढील वर्षीं आपल्या ग्रामसणाच्या दिवशीं मिस्सा आटोपल्यावर, बँड वाजण्यापूर्वीं, देवळासमोरील पटांगणांत एका गाण्यापुरती जागा आणि शांतता आम्हांस द्यावी. तेथें वाडीवाडींतील वृद्धा मध्यें बसतील, मुलें त्यांच्याभोंवतीं फेर धरतील, आणि जो येईल त्याच्यासाठीं फेर मोठा होत जाईल. तेवढें झालें, तर पुढच्या महोत्सवाला या जागीं उभा राहणारा वक्ता आपल्या गाण्यांविषयीं बोलतांना 'होतीं' म्हणणार नाहीं, 'आहेत' म्हणेल. आपले संत गोन्सालो गार्सिया आपणां सर्वांसाठीं प्रार्थना करोत, आणि प्रभु येशू आपल्या धर्मग्रामावर, आपल्या घराघरांवर व आपल्या लेकरांवर कृपादृष्टि ठेवो, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतों.